गॅस्ट्रिक बायपास : किती अपेक्षा धरावी?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बंगळूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी, जिथे थोड्याच वेळात जिलबी-मठ्ठ्याची पंगत बसायची आहे अशा सभागृहात, वजन उतरविण्याविषयी बोलावयास उभे राहणे म्हणजे यजमानांचा रोष ओढवून घेणेच होय. तथापि व्याख्यानमालेच्या चालकांनी हा विषय सुचविला आणि मी तो आनंदाने स्वीकारला, त्याला तसेच कारण आहे. 'बायपास' हा शब्द पूर्वी आपण हृदयाच्या संदर्भातच ऐकत होतो. आता तो पोटाच्या संदर्भातही आपल्या घरांत ऐकू येतो. कोणाच्या भावजयीने, कोणाच्या कचेरीतील सहकाऱ्याने अशी शस्त्रक्रिया करून घेतलेली असते. २०११ साली नितीन गडकरी यांनी मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली, ती बातमी तर आपल्यापैकी अनेकांच्या वाचनात आलेली असेल.

शस्त्रक्रिया करावी की करू नये, हे ज्याचे त्याने आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावयाचे आहे. मी आज एवढाच मर्यादित प्रश्न घेणार आहे : ती करून घेतली तर वजन किती उतरेल, किती काळात उतरेल आणि उतरलेले किती टिकेल? या प्रश्नाचे उत्तर आधी नीट समजून घेतले नाही, तर ज्याची शस्त्रक्रिया उत्तम साधली आहे असा माणूसही स्वतःला अपयशी समजू लागतो. मग तो तपासणीला जाणे टाळतो, गोळ्या सोडतो, चारचौघांत येईनासा होतो. असे रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांच्या बाबतीत शल्यचिकित्सकाचे काम चोख झालेले होते. मनात धरलेला आकडा मात्र चुकीचा होता.

प्रथम ही शस्त्रक्रिया काय आहे ते थोडक्यात पाहू. १९६६ साली अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन या शल्यचिकित्सकाने ती आरंभिली. पोटातील व्रणासाठी जठराचा भाग काढून टाकलेल्या रुग्णांचे वजन उतरते आणि पुन्हा सहसा वाढत नाही, हे त्या काळी डॉक्टरांच्या नजरेस आलेले होते; त्या निरीक्षणातून ही कल्पना निघाली. आज जी पद्धत रूढ आहे तीत जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटर मावतील एवढी, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांची, लहानशी पिशवी वेगळी करतात. लहान आतडे कापून त्याचे खालचे टोक या पिशवीला जोडतात. उरलेले जठर आणि आतड्याचा पहिला भाग शरीरातच राहतो, पण अन्न त्या वाटेने जात नाही. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस पुढे, खालच्या जोडावर, अन्नाला येऊन मिळतात. ही जोडणी इंग्रजी वाय अक्षरासारखी दिसते. स्वित्झर्लंडमधील सेझार रू या शल्यचिकित्सकाचे नाव तिला मिळाले आहे. १९९४ साली ही शस्त्रक्रिया दुर्बिणीने, लहान छिद्रांतून करता येते, असे प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून तिचा प्रसार वाढला.

सर्वसामान्य समजूत अशी की पोट लहान केले, माणूस कमी जेवू लागला, वजन उतरले. हे अर्धेच खरे आहे. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचू लागल्यामुळे तेथून स्रवणारी संप्रेरके वाढतात. त्यामुळे भूक मंदावते, तृप्ती लवकर येते आणि रक्तातील साखरही खाली येते. मधुमेही रुग्णाची साखर पुष्कळदा वजन उतरण्याच्या आधीच, पहिल्या काही दिवसांत सुधारते, याचे कारण बऱ्याच अंशी हेच. नुसता पोटाला चिमटा काढून हे साधत नाही.

आता आकड्यांकडे वळू. एक काल्पनिक उदाहरण घेतो. एका बाईंची उंची १५८ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ५ फूट २ इंच, आणि वजन ११० किलो आहे असे समजा. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्याला बी.एम.आय. म्हणतात. या बाईंचा बी.एम.आय. ४४ येतो. मनात त्यांनी लग्नाच्या फोटोतील ५५ किलोचा आकडा धरलेला आहे. कोणीतरी त्यांना सांगितले आहे की या शस्त्रक्रियेने '७० टक्के वजन' जाते; मग ५५ किलो तर सहज गाठू, असे त्यांना वाटते.

गोम येथेच आहे. हे ७० टक्के एकूण वजनाचे नसतात; ते जादा वजनाचे असतात. बी.एम.आय. २५ ही मर्यादा धरली तर या बाईंचे वजन ६२ किलो असावयास हवे, म्हणजे जादा वजन ४८ किलो. त्याचे ७० टक्के म्हणजे सुमारे ३३ किलो. हेच ३३ किलो एकूण ११० किलोंच्या हिशेबाने ३० टक्के होतात. म्हणजे सर्व काही उत्तम पार पडले तर दीड-दोन वर्षांनी या बाई ७७ किलोंवर येतील. पंचावन्नवर येणार नाहीत. तक्त्याप्रमाणे त्या तेव्हाही स्थूलच ठरतील. तरीही शस्त्रक्रिया पूर्णपणे यशस्वी ठरली, असेच कोणताही जाणता शल्यचिकित्सक म्हणेल. म्हणून जो कोणी आपणास टक्के सांगेल त्याला पहिला प्रश्न हा विचारावा की, हे टक्के एकूण वजनाचे की जादा वजनाचे?

एकूण वजनाच्या २५ ते ३० टक्के हा आकडा ध्यानात ठेवावा. कोणाचे २० टक्के उतरते, कोणाचे ३५. ज्यांना मधुमेह आहे किंवा ज्यांचे वय अधिक आहे, त्यांच्यात उतार बहुधा थोडा कमी असतो. पण घरी बसून आपले आपण गणित करावयाचे झाल्यास आजच्या वजनाचे तीन-चतुर्थांश करावे आणि तेथपर्यंत पोहोचलो तर समाधान मानीन का, असे स्वतःला विचारावे. उत्तर 'नाही' असे आले, तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्यापूर्वी डॉक्टरांशी पुन्हा एकदा बोलणे बरे.

अपेक्षांचा हा घोळ केवळ आपल्याकडचा आहे असे नव्हे. अमेरिकेत गॅरी फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली ६० स्थूल स्त्रियांची एक पाहणी प्रसिद्ध केली. या स्त्रिया आहार-व्यायामाचे उपचार घेत होत्या, शस्त्रक्रिया नव्हे. किती वजन उतरावे असे वाटते, हे त्यांना आरंभीच विचारले होते. त्यांचे ध्येय सरासरीने ३२ टक्के उतरविण्याचे होते. १७ किलो उतरले तर निराशा वाटेल, असे त्या म्हणाल्या. ४८ आठवड्यांच्या उपचारांनंतर सरासरी १६ किलो उतरले. प्रकृतीच्या दृष्टीने ही मोठी कमाई होती, पण जवळजवळ निम्म्या स्त्रियांना आपण निराशेचा म्हणून सांगितलेला आकडासुद्धा गाठता आला नव्हता.

आता काळाविषयी. पहिल्या सहा महिन्यांत वजन भराभर उतरते. कपडे दर महिन्याला सैल होतात आणि उतावळ्या नवऱ्याप्रमाणे मन गुडघ्याला बाशिंग बांधते. त्यानंतर वेग मंदावतो आणि बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान काटा एके ठिकाणी स्थिरावतो. मधूनमधून दोन-तीन आठवडे काटा जागचा हलत नाही, तेही स्वाभाविकच असते. शरीर लहान झाले की त्याला लागणारी ऊर्जाही कमी होते. ८० किलोंचे शरीर चालविण्यास ११० किलोंच्या शरीराइतके इंधन लागत नाही. आवक आणि खर्च यांची तोंडमिळवणी झाली की उतार थांबतो.

यापुढचा भाग दवाखान्यातील रंगीत पत्रकांत सहसा ठळक छापलेला नसतो. दुसऱ्या वर्षानंतर थोडे वजन परत येते. अमेरिकेतील युटा राज्यात बायपास केलेल्या रुग्णांचा बारा वर्षे मागोवा घेण्यात आला आणि २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरासरी घट दोन वर्षांनी ४५ किलो होती, सहा वर्षांनी ३६ किलो आणि बारा वर्षांनी ३५ किलो. म्हणजे दहा-एक किलो परत आले आणि मग वजन तेथेच टिकून राहिले. ज्यांनी शस्त्रक्रिया केली नव्हती, त्यांचे वजन बारा वर्षांनंतरही सरासरीने जवळजवळ होते तेथेच होते. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासातही हेच चित्र दिसते : बायपासनंतर आरंभी ३२ टक्के घट आणि दहा वर्षांनी २५ टक्के. आपल्या उदाहरणातील बाई याच हिशेबाने दहा वर्षांनी ८२-८३ किलोंच्या आसपास असतील. ७७ चे ८२ झाले म्हणून त्यांनी कपाळाला हात लावून बसू नये. अर्थात वजन वेगाने किंवा सतत वाढत असेल, तर मात्र लाजेखातर घरी न बसता वेळीच डॉक्टरांना गाठावे.

मग एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. याचे उत्तर पुण्यातल्या एका संशोधकाच्या साहाय्याने देतो. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एकत्र छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही बी.एम.आय. अगदी सारखा, २२.३. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. भारतीय माणूस दिसण्यात बारीक असूनही आत मेद बाळगून असतो, हे त्या एका छायाचित्राने जगाला दाखविले. म्हणूनच आपल्याकडे मधुमेह कमी वजनावर आणि कमी वयात गाठतो. २०२२ साली या शस्त्रक्रियेच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत बी.एम.आय. ३५ च्या पुढे सर्वांनाच शस्त्रक्रियेची शिफारस केली आहे. आशियाई लोकांसाठी मात्र २७.५ पासूनच ती देऊ करावी, असे म्हटले आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानात यावी. वजनाचा काटा शरीराचे वजन सांगतो. मेद कोठे साचला आहे आणि तो काय उत्पात करीत आहे, हे तो सांगत नाही. तेव्हा यशाचे माप काढताना काट्याबरोबर आणखी काही गोष्टी पाहाव्यात. इन्शुलिनची मात्रा किती उतरली? रक्तदाबाच्या गोळ्या किती राहिल्या? रात्री घोरून श्वास अडकतो, तो थांबला का? दुसऱ्या मजल्यापर्यंत जिना चढताना मध्ये थांबावे लागते का? युटाच्या त्याच अभ्यासात मधुमेही रुग्णांपैकी ७५ टक्के दोन वर्षांनी मधुमेहमुक्त होते; बारा वर्षांनी हे प्रमाण ५१ टक्के होते. म्हणजे मधुमेहाच्या बाबतीतही 'कायमचा गेला' ही भाषा वापरू नये. निम्म्या लोकांत तो बारा वर्षे दूर राहिला, असे म्हणावे, आणि ही काही लहान गोष्ट नाही. स्वीडनच्या अभ्यासात वजन उतरविण्याच्या शस्त्रक्रिया केलेल्यांत मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गटाहून सुमारे एक-चतुर्थांशाने कमी आढळले.

या लाभाची किंमतही मोजावी लागते, आणि ती आयुष्यभर मोजावी लागते. लोह आणि कॅल्शियम ज्या भागात प्रामुख्याने शोषले जातात, तोच आतड्याचा भाग आता वाटेबाहेर पडलेला असतो. ब-१२ जीवनसत्त्वाच्या शोषणाला जठराचा स्राव लागतो. तोही अन्नाला पूर्वीसारखा मिळत नाही. म्हणून लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि ब-१२ यांच्या गोळ्या किंवा इंजेक्शने जन्मभर घ्यावी लागतात आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी करावी लागते. आपल्यातील शाकाहारी मंडळींत ब-१२ मुळातच कमी असते. त्यांच्या बाबतीत हयगय म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, दम लागणे याकडे 'अशक्तपणा असेल' म्हणून दुर्लक्ष करू नये.

शस्त्रक्रियेनंतर तीन ते सहा महिन्यांत केस गळतात. बहुधा ते पुन्हा येतात. दंड आणि पोटावरची कातडी लोंबते. ती व्यायामाने पूर्ववत होत नाही, हे आधीच माहीत असलेले बरे. पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा वेदनाशामक गोळ्यांनी जोडावर व्रण होऊ शकतो, म्हणून त्या परस्पर दुकानातून घेऊ नयेत. तंबाखू वर्ज्य. मद्य फार लवकर चढते आणि त्याची सवय जडण्याचा धोका वाढतो. तरुण स्त्रियांनी पहिले वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी. शस्त्रक्रियेत जिवालाही धोका असतो. अमेरिकेतील दहा केंद्रांच्या २००९ सालच्या पाहणीत पहिल्या ३० दिवसांत हजारी तीन रुग्ण दगावल्याचे आढळले. प्रमाण थोडे आहे, पण शून्य नाही.

आता ताटाविषयी. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावी लागतात, आणि पोट तर इवलेसे. अंड्यातून ६ ग्रॅम मिळतात, १०० ग्रॅम पनीरमधून सुमारे १८. म्हणून प्रत्येक जेवणात आधी डाळ, उसळ, पनीर, अंडे किंवा मासे, मग भाजी, आणि जागा उरलीच तर भात-पोळी, असा क्रम ठेवावा लागतो. पाणी जेवताना न पिता अर्ध्या तासाच्या अंतराने प्यावे. आपल्या या शहरात दर वळणावर दर्शिनी आहे. बेण्णे दोसा आणि केसरीभात समोर आले की मन विरघळते. बायपास झालेल्या माणसाने गोड पदार्थ भराभर खाल्ला तर तो थेट आतड्यात उतरतो. घाम फुटतो, छाती धडधडते, कधी जुलाब होतात. पुरणपोळी असो की येथील होळिगे, शरीर भेदभाव करीत नाही. मात्र पातळ गोड पेये, आइस्क्रीम, फरसाण थोडे थोडे करून दिवसभर पोटात जाऊ शकते, आणि थेंबे थेंबे तळे साचून वजन परत येते ते बहुधा याच वाटेने.

अलीकडे आठवड्यातून एकदा घ्यावयाची इंजेक्शने आली आहेत. मोठ्या चाचण्यांत सेमाग्लुटाइडने सरासरी १५ टक्के आणि तिर्झेपटाइडच्या मोठ्या मात्रेने सुमारे २० टक्के वजन उतरल्याचे आढळले. ज्यांना शस्त्रक्रिया नको आहे किंवा झेपणारी नाही, त्यांना हा मार्ग खुला आहे. पण औषध थांबविले की वजन बरेचसे परत येते. मेद हा दीर्घकाळचा विकार आहे आणि त्याचे सर्वच उपचार दीर्घकाळचे असतात.

शेवटी आपल्या माणसांविषयी बोलतो, कारण ही सभा कुटुंबांची आहे. आपण गावापासून दूर राहतो. पुष्कळजण शस्त्रक्रिया पुण्याला किंवा मुंबईला, आईच्या किंवा बहिणीच्या आधाराने करून घेतात आणि महिन्याभरात बंगळूरला परततात. मग पुढची तपासणी लांबणीवर पडत जाते. तेव्हा जाण्यापूर्वीच येथे एखादा डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवून ठेवावा आणि शस्त्रक्रियेचे सर्व कागद त्यांच्या हाती द्यावेत. नातलगांचे फोन येतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, 'किती किलो झाले?' दुसरा असतो, 'फार खंगलीस गं, दोन घास जास्त खात जा.' दोन्ही प्रश्न मायेपोटीच असतात, पण एकाने मनाला टोचणी लागते आणि दुसऱ्याने पोटाला इजा होते. आपण पिढ्यान्‌पिढ्या 'खात्यापित्या घरचा' हे कौतुकाने म्हणत आलो. त्याच तोंडाने आपण जाड माणसाची थट्टाही करीत आलो. त्या थट्टेला कंटाळूनच पुष्कळजण अशक्य आकडा मनात धरतात, हे मी त्यांच्या तोंडून ऐकले आहे. शस्त्रक्रियेनंतर कोणी उदास दिसू लागला, बोलेनासा झाला, तर त्याला मनाच्या डॉक्टरकडे नेण्यात संकोच करू नये.

मंडळाला माझी एक विनंती आहे. गणेशोत्सवाच्या आणि पाडव्याच्या पंगतीत आग्रह करण्याची आपली रीत गोड आहे. ती थोडी आवरावी. 'नको' म्हणणाऱ्याच्या पानात मोदक वाढू नये आणि नको का, हेही विचारू नये. लालबागेत किंवा कब्बन पार्कात सकाळी फिरावयास जाणाऱ्यांनी अशा एखाद्या सभासदाला बरोबर घ्यावे. त्याला 'साखर कशी आहे, गुडघे कसे आहेत' असे विचारावे. उतरलेले वजन टिकविण्याचे काम दहा-वीस वर्षांचे आहे, आणि इतकी वर्षे एकमेकांना धरून राहणे म्हणजे काय असते, हे या मंडळाला मी सांगावयास नको.